स्टारबक्सची मूल्यं काउंटरमागे उतरतात का?

मुळाकाठ

पुण्याच्या सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेले लक्ष्मण नरसिंहन मार्च 2023 मध्ये स्टारबक्सचे सीईओ झाले तेव्हा आपल्याकडे केवढं कौतुक झालं होतं! सूत्रं हाती घेण्याआधी त्यांनी बरिस्ताचं, म्हणजे काउंटरमागे कॉफी बनवणाऱ्याचं, 40 तासांचं प्रशिक्षण घेतलं आणि दर महिन्याला अर्धा दिवस दुकानात काम करीन असं जाहीर केलं. ऑगस्ट 2024 मध्ये संचालक मंडळाने त्यांना हटवून चिपोटले या अमेरिकी खाद्यसाखळीच्या ब्रायन निकोल यांना आणलं. निकोल यांनी कॅलिफोर्नियात राहावं आणि सिएटलच्या मुख्यालयात कंपनीच्या विमानाने ये-जा करावी, अशी सोय त्यांच्या नेमणूकपत्रातच होती. वर्षभरात मुख्यालयातल्या लोकांना मात्र आठवड्यातून 4 दिवस ऑफिसला यायचा आदेश निघाला.

मला यात मूल्यांचा प्रश्न दिसतो. जो नियम वरच्याला लागू नाही तो खालच्याला लावताना कंपनीने संस्कृतीच्या गोष्टी करू नयेत. आणि दुकानातल्या माणसाला आपली किंमत कळते ती आठवड्याच्या शिफ्टच्या तक्त्यातून. ती सीईओच्या पत्रातून कळत नाही. तुमचं मत मांडा.

सातारकर

साफ असहमत. मी एचआरमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टारबक्सला मोठं करणारे, तिचे अनेक वर्षांचे सीईओ हॉवर्ड शुल्ट्झ न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या सरकारी वसाहतीत वाढले. वडील बाळांचे कापडी लंगोट घरोघर पोचवणारे ड्रायव्हर होते. 1961 मध्ये बर्फावरून घसरून त्यांचा पाय मोडला, कामही गेलं, आणि घरात विमा नव्हता. त्याच मुलाने पुढे 1988 मध्ये आठवड्याला 20 तास काम करणाऱ्या अर्धवेळ लोकांनाही आरोग्य विमा दिला. अमेरिकेत, त्या काळात, कॉफी ओतणाऱ्या पोरांना! 1991 मध्ये शेअर्स दिले, तेही अर्धवेळवाल्यांना. 2014 पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या ऑनलाइन पदवीची फी कंपनी भरते. किती कंपन्या हे करतात?

विमानाचा मुद्दा मला फार लहान वाटतो. निकोल ऑफिसला येतच नाहीत असं कुठे आहे? विक्री घसरत असताना आलेल्या माणसाला निकालावरून जोखा.

ओहायोची मनीषा

सातारकर, विमा खरा आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्याची गणितं बघा. सवलती टिकवायला सहा महिन्यांत 520 तास भरावे लागतात, म्हणजे आठवड्याला सरासरी 20. हे तास बरिस्ता स्वतः ठरवत नाही. दुकानाला मिळालेल्या एकूण तासांतून मॅनेजर वाटतो. तक्त्यात 24 चे 16 झाले की पगार तर कमी होतोच, शिवाय विमा आणि पदवीही टांगणीला लागते.

माझ्या घराजवळच्या दुकानात सकाळी बघत बसते. मोबाइल ऑर्डरच्या स्टिकरची पट्टी मशीनमधून उतरतच असते, गाडीत बसूनच ऑर्डर देणाऱ्यांचा (ड्राइव्ह-थ्रू) आवाज हेडसेटमध्ये, आणि समोर माणसांची रांग. तीन रांगा आणि एस्प्रेसो मशीनवर एक मुलगी. त्यात आता प्रत्येक कपावर मार्करने हाताने काही लिहायचं. आपुलकी चांगलीच, पण ती दाखवायला हात मोकळा हवा ना?

कट्टेकरी

सातारकर, युनियनबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. डिसेंबर 2021 मध्ये बफेलोच्या एल्मवुड अव्हेन्यूच्या दुकानात 19 विरुद्ध 8 मतांनी युनियन आली. मार्च 2023 मध्ये बफेलोच्याच प्रकरणात अमेरिकेच्या राष्ट्रीय श्रम मंडळाच्या न्यायाधीशांनी कंपनीने गंभीर आणि मोठ्या प्रमाणावर कायदा मोडल्याचा निकाल दिला. कंपनीला तो मान्य नव्हता, हेही नोंदवतो. 2022 मध्ये शुल्ट्झ यांनी जाहीर केलेली नवी पगारवाढ युनियनवाल्या दुकानांना लागू केली नाही. वडिलांच्या मोडलेल्या पायाची आठवण ठेवणाऱ्याने हे करावं याचं मला खरंच वाईट वाटलं. आपण देऊ तेवढं घ्या, मागू मात्र नका, ही जुन्या गिरणीमालकाची वृत्ती झाली.

सातारकर

गिरणीमालकाची तुलना अजिबात पटली नाही. अमेरिकेत कंपनीची स्वतःची सुमारे 10 हजार दुकानं आहेत, युनियन पाचशेच्या वर दुकानांत. म्हणजे बहुसंख्यांनी ती मागितलेली नाही. शिवाय युनियन आल्यावर मॅनेजर आणि बरिस्ता थेट बोलून प्रश्न सोडवत होते ती वाट बंद होते, ही शुल्ट्झ यांची भीती प्रामाणिक असू शकते.

चहाबाज

मी पुण्यात एका कॅफे साखळीत काम केलंय, नाव देत नाही. थेट बोलण्याबद्दल सांगतो. रात्री बंद करायची शिफ्ट म्हणजे दूध तापवायची वाफेची नळी (स्टीम वाँड) घासणं, दुधाच्या पिशव्यांची मोजणी, गल्ल्याचा हिशोब, लादी पुसणं. घरी पोचेस्तोवर साडेबारा. आणि सकाळी साडेसहाला उघडायलाही मीच. मॅनेजर भला माणूस होता. 'बघतो' म्हणायचा. त्याच्या हातात काहीच नव्हतं, तक्ता वरून यायचा.

स्टारबक्समध्येही 2014 पर्यंत अशा लागून शिफ्ट लागत. न्यूयॉर्क टाइम्सने एका बरिस्ताची कहाणी छापली आणि लगेच कंपनीने ती पद्धत थांबवत असल्याचं सांगितलं. इतकी वर्षं थेट बोलून जे झालं नव्हतं ते पेपरात आल्यावर झालं.

मुळाकाठ

चहाबाज, लिहिलंत हे फार बरं केलंत.

आणखी एक उदाहरण देतो. 2018 मध्ये फिलाडेल्फियात ऑर्डर न देता बसलेल्या दोन कृष्णवर्णीयांना दुकानातून अटक झाली. कंपनीने माफी मागितली, एका दुपारी 8 हजारांवर दुकानं बंद ठेवून वंशभेदावर प्रशिक्षण दिलं, काही न घेताही बसता येईल असा नियम केला. जानेवारी 2025 मध्ये तो मागे घेतला. दोन्ही निर्णय सिएटलचे. पण कुणाला बसू द्यायचं, कुणाला उठवायचं, हे दारात सांगून शिव्या खाणार शिफ्ट सुपरवायझर.

सातारकर, तुम्हालाच विचारतो. वर्षभर टिकलेल्या माणसाला आठवड्याला 20 तासांची लेखी हमी द्यायला काय अडचण आहे?

सातारकर

अडचण खरी आहे. फेब्रुवारीत गिऱ्हाईक कमी, डिसेंबरात झुंबड. सगळ्यांना हमी दिली तर मंदीत नव्या पोरांचे तास आधी कापले जातील आणि तीच आधी सोडून जातील. सरसकट हमी मी देणार नाही. पण विमा किंवा पदवी तासांवर अवलंबून आहे त्यांच्यापुरती द्यावी, आणि तिचा बोजा दुकानाच्या बजेटवर न टाकता मुख्यालयाने उचलावा. एवढं मी माझ्या कंपनीतही मांडेन. युनियनबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

कट्टेकरी

मांडा जरूर. नाही म्हणाले तर तुमच्या बाजूने दुसरं कोण उभं राहणार, तेही इथेच सांगा.