ज्येष्ठांना वाढदिवसाची भेट: काय द्यावं, काय मोजावं, कुठे फसतं

फुटपट्टी
माळा आवरायला काढला की न वापरलेल्या भेटवस्तूंची खोकी हमखास निघतात. उंचीला न बसणारी काठी, पायात राहत नाहीत अशा सपाता, चाळीस बटणांचा रिमोट. वस्तू बरी असते, फक्त माप न घेता आणलेली असते. म्हणून हा धागा. नुसतं 'काठी द्या' असं लिहू नका. कोणती, किती लांब, कुठे बिघडते तेही लिहा.

काठीपासूनच सुरू करते. रोजची पादत्राणं घालून ताठ उभं करायचं, हात सैल सोडायला सांगायचे. मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे काठीची लांबी. मूठ धरल्यावर कोपर जरासं वाकलेलं हवं, १५ ते २० अंश. लांब झाली तर खांदा वर चढतो, आखूड झाली तर माणूस पुढे झुकतो. ॲल्युमिनियमच्या काठीला साधारण इंचाइंचावर भोकं असतात. बटण पूर्ण बाहेर आल्याचा टक आवाज ऐका आणि त्याखालची फिरवायची कडी (कॉलर) आवळा, नाहीतर खडखडते आणि मग कोणी वापरत नाही. लाकडी काठी खालून कापून घेता येते, पण टोकाच्या रबरी बुचाची जाडी वजा करूनच खूण करा.

रिकामटेकडा
मस्त धागा. पण मनगटाला टेप लावल्यावर सरप्राइज कसलं उरतं? :)

फुटपट्टी
कमीजास्त होणारी घ्या आणि दिल्यावर जागेवरच बसवून द्या. जुनी काठी मोजून तशीच आणू नका. ती चुकीच्याच मापाची असण्याची शक्यता फार.

निळी छत्री
आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची! निम्मे लोक त्याच बाजूला धरतात. चारपायी काठी देणार असाल तर ज्या बाजूचे पाय जास्त बाहेर आलेत ती बाजू अंगापासून लांब ठेवायची, आत आली तर चालताना पाय अडतो. चारही पाय एकदम टेकले पाहिजेत, आणि अरुंद पायरीवर ते मावत नाहीत. घरात जिना असेल तर आधी पायरीची रुंदी बघा. मशीन वाजलं, बाकीचं नंतर.

खिडकीजवळची
भिंगाबद्दल. '१० पट' लिहिलेलं बघून भुलू नका. पट वाढली की भिंग लहान होतं आणि एका वेळी दोनतीन अक्षरंच दिसतात, ओळ हरवते. वाचनासाठी २ ते ३ पट पुरते. काही भिंगांवर डायॉप्टर (भिंगाची ताकद) लिहिलेला असतो, त्याला ४ ने भागलं की साधारण पट येते. ८ डायॉप्टर म्हणजे २ पट, आणि १०० भागिले ८ म्हणजे पानापासून साडेबारा सेंटीमीटरवर धरायचं. हात थरथरत असेल तर हातात धरायचं भिंग देऊच नका, पानावर ठेवून सरकवायचं उभं भिंग द्या, त्यात अंतर आपोआप बसतं.

खरं तर भिंगाआधी दिवा द्या. साठीत डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने साधारण तिसरा हिस्साच उजेड पोचतो. वाकवता येणारा टेबलदिवा, डोक्यापेक्षा खाली, कमी दिसणाऱ्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, उजेड पानावर. बटण वायरवर लोंबणारं नको, बुडाशी मोठं हवं.

हो, आणि भिंग खिडकीत उन्हात ठेवू नका. कागद खरंच पेटतो.

चालताबोलता
+१ दिव्याला. रात्रीच्या वाटेसाठी हालचालीवर लागणारे छोटे दिवेही द्या. घोट्याच्या उंचीवर, पिवळसर उजेडाचे. डोळ्यांच्या पातळीवर लावले तर झोपेत उठलेल्याचे डोळे दिपतात. पलंग ते न्हाणीघर तीन पुरतात.

गुंडाळीवाला
बीपीचं यंत्र देणाऱ्यांनो, आधी दंडाचा घेर मोजा. मधला पट्टा साधारण २२ ते ३२ सेंमीचा, मोठा ३२ ते ४२ चा. जाड दंडाला लहान पट्टा गुंडाळला की आकडा खोटाच वाढीव येतो आणि घरभर घबराट. मनगटाचं टाळा, दंडाचंच घ्या. ५ मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, आणि मोजताना गप्पा बंद.

रिकामटेकडा
वाढदिवसाला बीपीचं यंत्र?? मग केकऐवजी गोळ्यांचा डबाच द्या :D

गुंडाळीवाला
ज्यांनी स्वतः मागितलंय त्यांच्यासाठी लिहिलं हो काका. आणि गोळ्यांचा डबा वाईट नाही. ७ दिवस गुणिले ४ कप्पे, प्रत्येक दिवसाची पट्टी वेगळी निघणारी. देण्याआधी झाकण एका अंगठ्याने उघडून बघा. ओल लागून बिघडणाऱ्या गोळ्या पाकिटातून काढून त्यात ठेवायच्या नसतात, आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीन तर मूळ काचेच्या बाटलीतच हवी.

निळी छत्री
आले परत. पेसमेकर असलेल्यांना 'चुंबकीय उपचारा'ची कडी, चुंबकाच्या कडीची माळ असलं काही देऊ नका. चुंबक असलेला फोनसुद्धा यंत्रापासून १५ सेंमी लांब, म्हणजे छातीच्या खिशात नाही. कंप देणारे मसाजर रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा हाडं ठिसूळ असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

उशीर झाला
फोन देणार असाल तर खोकं कागदात बांधून हातात ठेवणं म्हणजे अर्धी भेट. आधी उघडा, चार्ज करा, कार्ड घाला, अक्षरं मोठी करा, पहिल्या पानावर रोज लागणारे पाचसहा नंबर फोटोसकट लावा, बाकीची ॲपची चित्रं काढून टाका. वयस्कर बोटं पडद्यावर जरा जास्त वेळ टेकतात, मग फोन त्याला 'दाबून धरणं' समजतो आणि चित्रं हलतात, गायब होतात. सुलभतेच्या सेटिंगमध्ये दाबून धरण्याचा वेळ असतो, तो सगळ्यात लांब करा. 'माझा फोन बिघडला' या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच मिटतात. बोटं कोरडी असतील तर जाड रबरी टोकाचं पेन सोबत द्या.

चालताबोलता
रिमोटवरची नको असलेली बटणं काळ्या चिकटपट्टीने झाकायची. चालूबंद, आवाज, चॅनल एवढंच उघडं ठेवायचं. याला खर्च नाही. भेटही नाही म्हणा.

रिकामटेकडा
चिकटपट्टीला फीत बांधून द्या.

पानोपानी
फोटोंचा अल्बम. पारदर्शक कागदाखाली चिकटवायचे जुन्या पद्धतीचे अल्बम नको, वर्षांनी फोटो पिवळे पडतात आणि निघत नाहीत. कोपऱ्यांत अडकवायचे, आम्लविरहित कागदाचे घ्या. ६ बाय ४ इंचांच्या छपाईला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून फोटो मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, नाहीतर दबून येतात. खाली नावं डावीकडून उजवीकडे, साल, ठिकाण. अक्षर १८ पॉइंट, काळ्यावर पांढरं नको. एका पानावर दोनच फोटो. अल्बम मांडीवर पेलवला पाहिजे, दीड किलोचं बाड कोणी उघडत नाही.

नावं आठवत नसतील तर रिकामी जागा सोडा. ती भरायला बसवणं हीच खरी मजा, आणि ते बोलणं रेकॉर्ड करा. फोन विमान मोडवर, तोंडापासून वीतभर, खाली जाड कापड घालून. टेबलाची टकटक त्यात फार येते.

खिडकीजवळची
पानोपानी ताई, हे आवडलं. डिजिटल फ्रेमचं काय?

पानोपानी
चालते, पण वायफाय जोडून, फोटो भरूनच द्या. चित्र १५-२० सेकंद तरी थांबलं पाहिजे, मूळ सेटिंगमध्ये ते बऱ्याचदा भराभर बदलतं.

निळी छत्री
गरम पाण्याची रबरी पिशवी: दोनतृतीयांशच भरा, हवा दाबून काढा, उकळतं पाणी नको, वर कापडी खोळ. मधुमेहाने पाय बधिर असतील तर देऊच नका, भाजलेलं कळत नाही. बऱ्याच पिशव्यांच्या गळ्याशी फुलासारखा ठसा असतो: मधला आकडा बनवल्याचं वर्ष, पाकळ्या म्हणजे महिने. दोनेक वर्षांनी बदला.

सपातांचं माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय सुजलेले असतात. मागे पट्टा हवा, तळ पातळ आणि टणक. मऊ जाड तळाखाली जमीन कळत नाही. पुढे बोटांना एक सेंमी जागा.

उशीर झाला
श्रवणयंत्राचे सेल द्यायचे तर रंग बघा: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. चिकटपट्टी काढली की हवा लागून सेल न वापरताही संपत जातो, म्हणून 'चालतोय का बघू' करत सगळ्या पट्ट्या ओढू नका. यंत्र मात्र श्रवणचाचणीशिवाय भेट म्हणून नको.

रिकामटेकडा
फुटपट्टी ताई, काठीचं बूच झिजलंय. तेही मोजायचं?

फुटपट्टी
हो काका. काठीच्या टोकाचा बाहेरचा व्यास मोजा, बहुतेक १६, १९ किंवा २२ मिमी निघतो. तळाच्या खाचा पुसल्या किंवा एक बाजू तिरकी झिजली की बदलायचं. नवीन घट्ट जात असेल तर आतून पाण्याचा हात लावा, तेल नको. दोन घेऊन ठेवा.

रिकामटेकडा
तिरकंच झिजलंय. मोजून सांगतो.