रिपेंट केलेली पद्मिनी: कोणते दोष घासून जातील, कुठे पुन्हा रंग मारावा लागेल?

धरमपेठ_फियाट:
गाडी 1978 ची प्रीमियर पद्मिनी. मे अखेरीस पूर्ण रंग झाला. टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग), सॉलिड गडद निळा, वर क्लिअर म्हणजे पारदर्शक थर नाही. आता दिसतंय ते असं: बोनेटवर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा. मागच्या दारावर हँडलखाली दोन ओघळ. टपावर सुईच्या टोकाएवढी भोकं, पॉलिश लावलं की त्यात पांढरं भरतं. डिकीवर तीन-चार गोल खळगे, मधे प्रायमर दिसतो. उजव्या दाराखालच्या पट्टीवर फुगे. पेंटर म्हणतो, रबिंग मारलं की सगळं निघतं. खरंच निघतं का?

पाणीपेपर:
नाही निघत भाऊ. साल आणि ओघळ घासून जातात, बाकीच्या तिन्ही गोष्टी नाही.

आधी ओघळ. नख दाबून बघा, खूण उमटली तर आतून अजून कच्चा आहे, थांबा. कडक झाला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, म्हणजे आजूबाजूचा चांगला रंग कापला जाणार नाही. छोट्या कडक ब्लॉकवर 1000 नंबरचा वॉटर पेपर घेऊन फक्त उंचवटा खाली आणा. टेपला पेपर लागायला लागला की टेप काढा आणि 1500 ने सपाट करा. बोटाने घासू नका, बोट ओघळाच्या कडेला खड्डा पाडतं.

बोनेटची साल: 1500, मग 2000, मग 3000. पाण्यात दोन थेंब कार शाम्पू. दर मिनिटाला रबराच्या पट्टीने पाणी ओढून बघा. उंच भाग मॅट आणि मधले खळगे चकचकीत दिसतात. चमकणारे ठिपके जवळपास संपले की थांबायचं. शेवटचा ठिपका घालवायच्या नादात रंग जातो. बोनेटच्या मधली धार आणि सगळ्या कडा टेपने झाका, तिथे रंग सगळ्यात पातळ बसतो. मग वुलन पॅड, कटिंग कंपाउंड, 1200 ते 1500 आरपीएम, शेवटी फोम पॅडवर बारीक पॉलिश. क्लिअर नाही म्हणून पॅड निळा होणारच, घाबरू नका. करड्या रंगाची छटा दिसली तर मात्र मशीन बंद, प्रायमर आला.

बोअरचं पाणी बोनेटवर उन्हात वाळू देऊ नका, क्षाराचे डाग बसतात.

गनवाला_कामठी_रोड:
टपावरची भोकं म्हणजे सॉल्व्हंट पॉप. मे महिन्यात दुपारी 44-45 डिग्रीत नेहमीचा फास्ट (लवकर उडणारा) थिनर वापरला की वरचा थर लगेच आवळतो आणि खालचा थिनर त्याला फोडून बाहेर येतो. दोन कोटांमध्ये वेळ दिला नाही तर आणखीच. यावर घासाल तर वरची बंद भोकंही उघडी पडतील. टप घासून घट्ट थरापर्यंत आणा, सरफेसर (बारीक खळगे भरणारा प्रायमर) मारा, 800 ने घासा आणि पुन्हा रंग. स्लो थिनर, 1.3 किंवा 1.4 चं नोझल, पॅनेलपासून 15 ते 20 सेंमी, दोन कोटांमध्ये डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ.

डिकीचे खळगे सिलिकॉनचे. डॅशबोर्ड पॉलिशचा हात, नाहीतर कंप्रेसरमधलं तेल-पाणी. घासून वॅक्स रिमूव्हरने दोन स्वच्छ फडक्यांनी पुसायचं, एकाने लावायचं आणि वाळण्याआधी दुसऱ्याने टिपायचं. कंप्रेसरच्या टाकीचं पाणी रोज काढायचं.

आणि बाप्पा, शेडमध्ये कूलर लावून रंग मारायला देऊ नका! ओली हवा थेट हार्डनरला लागते. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साधा कापडी मास्क त्याला काहीच अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो.

धरमपेठ_फियाट:
मायक्रॉन मीटर आणलं तर किती घासायचं ते कळेल ना? आणि फुग्यांचं काय?

पाणीपेपर:
मीटर पत्र्यापासून वरचं सगळंच मोजतो: लांबी, प्रायमर, जुना रंग. 300 दाखवलं म्हणजे निळा 300 नाही. दोन-तीन कोटांचा निळा साधारण 50-60 मायक्रॉन धरा. मीटरचा उपयोग आधी-नंतरचा फरक बघायला. एका जागी 15 मायक्रॉनच्या वर उतरलं तर हात आवरा.

फुगा ब्लेडने कापून बघा. खाली तपकिरी गंज निघाला तर रोग पत्र्यात आहे. या गाडीला वेगळी चासी नाही, ती पट्टी बॉडीचा भार घेते. तिथे लांबी भरणं म्हणजे फसवणूक. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड, आतल्या पोकळीत गंजरोधक कॅव्हिटी वॅक्स, खालची पाणी निघायची भोकं मोकळी. पत्रा स्वच्छ निघाला आणि लांबी ओलसर असेल तर ती पाण्याने घासली गेली असणार. लांबी पाणी पिते, ती कोरडीच घासायची असते.

गनवाला_कामठी_रोड:
घासकाम पावसाळ्यात करून घ्या. टप, डिकी आणि पट्टीचा रंग दिवाळीनंतर. डिसेंबरमध्ये मात्र सकाळी 11 च्या आधी गन उचलायला देऊ नका, पत्रा थंड असतो आणि रंग ओघळतो. रंगानंतर निदान महिनाभर वॅक्स नाही आणि प्लास्टिकचं कव्हरही नाही.