‘डायरेक्ट ड्राइव्ह नसेल तर ट्रेनर घेऊच नका’ म्हणे!

चाकोरीबाहेर: काल इथे एकाने ठणकावून लिहिलं की घरात सायकल चालवायला ट्रेनर घ्यायचा तर डायरेक्ट ड्राइव्हच, म्हणजे मागचं चाक काढून सायकल थेट ज्यावर बसवतात तो; मागचं चाक रोलरवर टेकवायचे ‘व्हील-ऑन’ ट्रेनर म्हणजे पैसे पाण्यात. तिडीक गेली डोक्यात, म्हणून हा धागा. मी चार वर्षं व्हील-ऑनच चालवतोय. टायरमध्ये दर वेळी सारखी हवा, दहा मिनिटं वॉर्मअप, मग स्पिनडाउन (वेग वाढवून पॅडल थांबवायचं, ट्रेनर मोजमाप जुळवून घेतो). एवढं केलं की वॅट (पायांच्या ताकदीचे आकडे) रोज जुळतात. चूक एक टक्का की पाच टक्के, हा शर्यतवाल्यांचा प्रश्न. मुलं झोपल्यावर पाऊण तास पॅडल मारणाऱ्याला काय त्याचं?

वॅटवेडा: तो ‘एकाने’ मीच. नाव घ्यायचं की सरळ. हवा, वॉर्मअप, स्पिनडाउन... नमनालाच घडाभर तेल! आणि उभं राहून स्प्रिंट मारा एकदा. टायर घसरतो, जळक्या रबराचा वास, खाली काळा भुगा.

चाकोरीबाहेर: रोलर नीट आवळला नाही की भुगा पडतो. ट्रेनरचा काय दोष?

खालचा_मजला: आवाजाचं कुणीच बोलेना. ‘सायलेंट’ वाचून डायरेक्ट ड्राइव्ह घेतला. ट्रेनर गप्प, पण चेनची खरखर आहेच आणि थरथर थेट जमिनीतून खाली. चौथ्या दिवशी खालचे वर आले. जाड मॅट टाकली तेव्हा निभावलं. आता सगळ्यात जास्त बोंबलतो तो पंखा.

घामट: पंख्याला नावं ठेवू नका! रस्त्यावर वारा लागतो, घरात बसल्या जागी उकडतं आणि वॅट घसरतात. मी दोन हिवाळे पंखा नाही, टॉवेल नाही, तशीच सायकल चालवली. हँडलबारची टेप सोलली तर घामाने आतलं ॲल्युमिनियम पांढरं, भुसभुशीत. स्टेमचा (हँडलबार धरणाऱ्या भागाचा) बोल्ट गंजून असा बसला की शेवटी ड्रिलने काढला.

वॅटवेडा: विषय ट्रेनरचा आहे, पंख्याचा नाही.

घामट: हो ना. उकाड्याने पडलेली ताकद एक टक्का अचूक मोजायची. छान!

उतारावरची_राणी: भांडा सावकाश. आधी कुणी ॲक्सल (मागच्या चाकाचा आस) बघितला का? क्विक रिलीज की थ्रू ॲक्सल, 142 मिमी की 148? माझी सायकल 12 स्पीडची, ट्रेनरबरोबर आली 11ची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच). पहिला आठवडा नुसतं बघत बसले. नवऱ्याची 10ची, म्हणजे दर वेळी कॅसेट बदला. शेवटी झ्विफ्ट या सायकलिंग ॲपवाल्यांचा झ्विफ्ट कॉग लावला. एकच दातेरी चक्र, गिअर व्हर्च्युअल, दोन्ही सायकली चालतात. आणि एफटीएमएस (ट्रेनर वेगवेगळ्या ॲपशी जोडायची खुली ब्लूटूथ पद्धत) बघूनच घ्या, नाहीतर एकाच ॲपच्या वर्गणीला बांधले जाल. ती वर्गणी हा तर वेगळाच दरोडा, पण असो.

वॅटवेडा: बरं बाबा, नुसता घाम गाळायचा असेल त्याला व्हील-ऑन चालेल.

चाकोरीबाहेर: उपकार झाले! माझा तिसरा टायर झिजला, तेवढं तुमचं खरं. घामटराव, पंखा समोर ठेवता की बाजूला?

घामट: समोर. थोडा खाली, छातीवर झोत येईल असा.

वॅटवेडा: झालं. धाग्याचं नाव बदला आता.