29 इंची चाकांच्या सायकलला मागं 27.5 चं चाक: कुणी करून बघितलंय का?

होटगीरोडवाली:

नमस्कार मंडळी. माझी उंची 5 फूट 2 इंच आणि सायकल 29 ची हार्डटेल (शॉकअप फक्त पुढं), सेकंडहँड घेतलेली. रविवारी उन्हं चढायच्या आत आम्ही तिघी तुळजापूरच्या डोंगराकडं जातो. चढ कसाबसा निभतो, पण तीव्र उतारावर सीटच्या मागं सरकलं की मागचा टायर बुडाला घासतो. थट्टा नाही, मागच्या आठवड्यात पँटची शिवण गेली. घरी सांगितलं तर नवरा अर्धा तास हसत होता.

भावाच्या जुन्या सायकलचं 27.5 चं मागचं चाक माळ्यावर पडून आहे. ते बसवलं तर? दुकानदार म्हणतो, "चाक लहानच आहे, बसणार की!" बसेल हो, पण सायकल चालेल कशी?

बे_पंक्चर:

आबे, सोलापुरात उतार कुठंय? डफरीन चौकातून सात रस्त्याला जायला मलेट (पुढं मोठं, मागं लहान चाक) लागते होय? आधी वेड्या बाभळीच्या काट्यांचं बघा, टायरमध्ये पंक्चर बुजवणारं सीलंट भरा. चाक लहान असो की मोठं, काटा सोडत नाही.

लेथवाला:

पंक्चरराव, विचारलंय काय आणि तुम्ही सांगूलालाय काय!

ताई, मी भाच्याच्या सायकलला हेच केलंय. आयुष्य यंत्रमागाचे सुटे भाग घासण्यात गेलं, त्यामुळं आधी मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. 29 ची रिम 622 मिलिमीटरची, 27.5 ची 584 ची. फरक 38, त्याचा निम्मा 19. टायर सारख्याच जाडीचा असला तर मागचा आस 19 मिलिमीटर खाली येतो. पुढचा आहे तिथंच. म्हणजे सायकल मागं बसते, दोन पोती शेंगा लादलेल्या गाडीसारखी.

बीबी (पायडलचा आस फिरतो तो फ्रेमचा भाग) साधारण 12 मिलिमीटर खाली गेली. मोबाईल फ्रेमला टेकवून कोन बघितला तर पुढचा चिमटा एक अंशानं जास्त कलला आणि सीटची नळीही तेवढीच मागं झुकली. उतारावर हे सगळं गोड लागतं. वजन खाली असतं, हँडल थरथरत नाही, वळणावर मागचं चाक लवकर फिरतं. तुम्हाला हवी ती बुडाखालची जागा मिळते ती वेगळीच. पण चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि सावकाश चालवताना हँडल एका बाजूला पडायला बघतं. भाच्यानं पहिल्याच दिवशी हिप्परगा तलावाजवळच्या पायवाटेवर पायडल दगडावर असं आपटलं की ठिणगी उडाली.

उपाय सांगतो. सीट रुळावर पुढं सरकवा. क्रँक (पायडलचा दांडा) 175 मिलिमीटरचा असेल तर 165 चा घाला, दगडापासून 10 मिलिमीटर परत मिळतात. मागं टायर जरा जाड घाला. "पुढं लांब चिमटा टाका" असं कुणी सांगेल, त्यानं बीबी थोडी उचलते पण कोन आणखी झोपतो. ते करू नका.

कंपन्या मुळातून अशी सायकल काढतात तेव्हा फ्रेमच वेगळी आखतात. मागचा भाग आखूड ठेवतात आणि बीबी त्या चाकाच्या हिशोबानं वर घेतात. सांता क्रूझची ब्रॉन्सन 2021 पासून अशीच येते. कल्पना मात्र जुनी आहे. कॅननडेलनं 1984 मध्ये पुढं 26 आणि मागं 24 दिलं होतं. आपली एक्सपल्स मोटरसायकल बघा, पुढं 21, मागं 18. पुढच्यानं दगड चढायचा, मागच्यानं निमूट मागं यायचं.

आणि एक्सल मोजा. चाक लहान म्हणून बसेल हे दुकानदाराचं गणित अर्धंच आहे. हब (चाकाचा मधला भाग) 135 मिलिमीटरचा की 142 चा, ते कोण बघणार?

चेनतेल:

मामांनी बरंच सांगितलंय, थोडी भर घालतो. डाउनहिलवाल्यांना (उतारावर शर्यत लावणाऱ्यांना) आधी दोन्ही चाकं एकाच मापाची ठेवावी लागत. 2019 पासून यूसीआय या जागतिक सायकल संघटनेनं ती अट काढली आणि त्याच वर्षी लोइक ब्रुनी अशाच सायकलवर विश्वविजेता झाला. त्याला उतार होता, चढायला लिफ्ट होती. आपल्याकडं बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि ओघळ. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल बसतं आणि बाहेर यायला कुरकुरतं, हे मात्र जाणवेल. गिअर पाचेक टक्क्यांनी हलका होतो, तो फुकटचा फायदा.

होटगीरोडवाली:

मामा, हब दोन्हीकडं 135 चाच निघाला. माझा कॅसेटही (मागच्या गिअरच्या चकत्या) त्यावर चढला. डिस्क ब्रेक असल्यानं रिमच्या मापाचा प्रश्न आला नाही, फक्त कॅलिपर जरा सरकवावा लागला. जमिनीपासून बीबी आधी 31 सेंटिमीटर होती, आता 29.8. तुमचे 12 मिलिमीटर तंतोतंत!

रविवारी नेली. पँट शाबूत. ज्या वळणावर मी दरवेळी पाय टेकते तिथं टेकला नाही, मैत्रिणीनं मागून ओरडून विचारलं, "काय झालं गं आज?" चढावर मात्र पुढचं चाक दोनदा उचललं गेलं. सीट पुढं ओढली, मग ठीक. सपाट मुरमाच्या वाटेवर 29 चं पळणं आठवत होतं, खोटं कशाला बोलू. आणि पायडल चार वेळा आपटलं, डाव्या बाजूचं कोपरं चेपलंय.

चाक तेच ठेवतेय. सोलापुरात कुणाकडं 165 चा क्रँक पडून आहे का? जुना चालेल.

बे_पंक्चर:

माझ्याकडं 170 चा आहे. सीलंटची बाटली फ्री.