नाजूक त्वचा आणि डोळ्यांकडेच्या बारीक रेषा: सौम्य रेटिनॉइड कसं सुरू करू?

कुंदकळी
नमस्कार. वय ४३. गेल्या वर्षभरात डोळ्यांच्या कडांना आणि वरच्या ओठावर बारीक रेषा दिसायला लागल्या आहेत. आधी फक्त हसल्यावर दिसायच्या, आता हसू ओसरलं तरी तिथेच असतात. त्वचा पहिल्यापासून नाजूक. थंड वाऱ्याने गाल लाल होतात, वासाचं कुठलंही क्रीम लावलं की पाच मिनिटांत चुरचुरायला लागतं.

दोन वर्षांपूर्वी १ टक्का रेटिनॉलचं (अ जीवनसत्त्वाचाच एक प्रकार, रेटिनॉइड गटातला) सिरम आणलं आणि सलग चार रात्री लावलं. पाचव्या दिवशी सकाळी नुसतं पाणी मारलं तरी चेहऱ्याची आग होत होती. नाकाच्या बाजूची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली. पूर्ववत व्हायला महिना गेला. तेव्हापासून मनात धास्ती आहे, पण रेषांचंही वाईट वाटतं.

अशा त्वचेला रेटिनॉइड झेपतं का? ज्यांनी नाजूक त्वचेवर वापरून टिकवलं आहे, त्यांनी नेमकं काय केलं ते सविस्तर सांगाल का?

रातराणी
कुंदकळी, झेपतं. माझे गालही असेच, जरा काही लावलं की पेटणारे, आणि मी तीन वर्षं रेटिनॉल लावते आहे. तुम्ही ज्या वेगाने सुरू केलंत तो धडधाकट त्वचेलाही जड गेला असता. त्यामुळे रेटिनॉलवर कायमची फुली मारू नका.

पण आधी महिनाभर ते आणूच नका. बिनवासाचा सौम्य फेसवॉश, सेरामाइड आणि ग्लिसरीन असलेलं घट्ट मॉइश्चरायझर आणि सकाळी एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, बस. सनस्क्रीनही चुरचुरत असेल तर झिंक ऑक्साइडचं घेऊन बघा. स्क्रब, सालं काढणारी ग्लायकोलिक, सॅलिसिलिक ॲसिडं, सगळं कपाटात. धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा वाटत नाही, मॉइश्चरायझर लावताना काहीच जाणवत नाही, असे सलग दोन आठवडे गेले की मगच पुढे.

आता माझी रात्र सांगते. चेहरा धुऊन टिपून घेते, पुसत नाही. पंधरा-वीस मिनिटं जाऊ देते, कारण ओलसर त्वचेत ते जास्त शिरतं आणि जास्त झोंबतं. मग नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांचे कोपरे यांना बोटाच्या टोकाने पेट्रोलियम जेली लावते. रेटिनॉल हळूहळू सरकत याच जागी साचतं आणि सालं इथूनच निघायला लागतात. त्यानंतर मॉइश्चरायझरचा पातळ थर, मग पूर्ण चेहऱ्याला मिळून मटारच्या दाण्याएवढं रेटिनॉल: कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे ठिपके देऊन पसरते. वरून पुन्हा मॉइश्चरायझर.

पहिले चार आठवडे आठवड्यातून एकच रात्र. पुढचे चार आठवडे दोन रात्री. मग तीन. तीनवर मी थांबले आणि आजही तीनच आहेत. रोज लावायचा हट्ट मी सोडून दिला, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरच ते टिकलं.

कुंदकळी
किती सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. जेलीचं कुणीच सांगितलं नव्हतं! माझीही नाकाचीच बाजू सुटली होती. पण आठवड्यातून तीनदा लावून रेषांवर खरंच काही होतं का? आणि रेटिनॉल, रेटिनाल, ट्रेटिनॉइन या नावांत मी पूर्ण हरवले आहे.

कुपी
मी औषधांच्या दुकानात काम करते, हा गोंधळ रोज ऐकते. सोपं करून सांगते.

त्वचेच्या पेशींना शेवटी रेटिनॉइक ॲसिड लागतं. ट्रेटिनॉइन म्हणजे तेच, थेट. रेटिनाल्डिहाइड, ज्याला रेटिनाल म्हणतात, ते एक पायरी मागे. रेटिनॉल दोन पायऱ्या मागे. रेटिनिल पाल्मिटेटसारखी एस्टर तीन पायऱ्या मागे. त्वचा एकेक पायरी चढवत त्यांचं रूपांतर करते आणि दर पायरीला थोडं गळतं. म्हणून ट्रेटिनॉइन सगळ्यात जोरकस आणि सगळ्यात त्रासदायकही. एस्टर सगळ्यात सौम्य, पण त्यांचा असरही तितकाच क्षीण. नाजूक त्वचेने ०.१ ते ०.३ टक्के रेटिनॉल किंवा ०.०५ टक्क्याच्या आसपासचं रेटिनाल यापासून सुरुवात करावी असं माझं मत. १ टक्का नकोच. युरोपीय संघाने २०२४ साली चेहऱ्याच्या प्रसाधनांत रेटिनॉलला ०.३ टक्क्याची कमाल मर्यादा घालून दिली. त्यामागे शरीरात जाणाऱ्या एकूण अ जीवनसत्त्वाचा विचार होता, आग होण्याचा नव्हे, पण तुमचं सिरम किती तीव्र होतं याचा अंदाज यावरून येतो.

तीनदा लावून काय होतं, याचं उत्तर २००७ सालच्या एका चाचणीत आहे आणि मला ती फार आवडते. ३६ वयस्क माणसं, सरासरी वय ८७! एका दंडाच्या आतल्या बाजूला ०.४ टक्के रेटिनॉलचं लोशन, दुसऱ्या दंडाला बिनरेटिनॉलचं. आठवड्यातून जास्तीत जास्त तीनदा, २४ आठवडे. रेटिनॉलच्या बाजूच्या बारीक सुरकुत्या स्पष्ट कमी झाल्या. ८७ व्या वर्षी त्वचा दाद देते, तर ४३ व्या वर्षी का नाही देणार?

पॅकिंग बघून घ्या. प्रकाश आणि हवेने रेटिनॉल खराब होतं, त्यामुळे पारदर्शक बाटली किंवा उघडी डबी नको. अपारदर्शक ट्यूब किंवा पंप घ्या.

जलरंग
मी ट्रेटिनॉइन वापरतो, त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने, त्यामुळे तेवढंच लिहितो. हे औषध मुळात मुरुमांचं, अमेरिकेत १९७१ पासून. पुढे अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उन्हाने जून झालेल्या त्वचेवरचा त्याचा परिणाम मांडला.

माझे डॉक्टर ०.०२५ टक्क्यावरून पुढे न्यायला तयार नव्हते आणि मला वाटायचं की कमी ताकदीत वेळ वाया जातोय. मग त्यांनी समजावलं: ०.०२५ आणि ०.१ टक्का यांची ४८ आठवडे तुलना झाली, सुधारणा जवळपास सारखीच निघाली, लाली आणि सालं मात्र ०.१ वर कितीतरी जास्त. त्यानंतर मी कधी वाढवून मागितलं नाही. कुंदकळी, गाल वाऱ्यानेही लाल होतात म्हणता, तर एकदा रोझेशिया (चेहरा वारंवार लाल होण्याचा त्वचाविकार) नाही ना हे त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. असेल तर आधी त्याचे उपचार.

शेवंती
एक महत्त्वाचं, कारण असे धागे पुढे बऱ्याच जणी वाचतात: गरोदर असाल किंवा त्या प्रयत्नात असाल तर कुठलंही रेटिनॉइड लावू नका, सौम्य म्हणवणारंही नाही.

मला रेटिनॉल अजिबात सोसलं नाही, तेव्हा बाकुचिओलकडे वळले. ते बावचीच्या बियांतून मिळतं आणि रेटिनॉइड नाही. २०१९ मध्ये ४४ जणांवर १२ आठवड्यांची तुलना झाली होती: ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा विरुद्ध ०.५ टक्के रेटिनॉल एकदा. सुरकुत्यांत दोन्हींचा फायदा जवळपास सारखा, सालं आणि झोंबणं रेटिनॉलवाल्यांना जास्त. अभ्यास छोटा आहे, रेटिनॉइडइतका भक्कम आधार त्याला नाही. तरी माझ्या कपाळाच्या रेषा मऊ झाल्या आहेत आणि चेहरा शांत आहे.

कुंदकळी
ताजी खबर. तपासून आले, रोझेशिया नाही. महिनाभर नुसतं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन केलं. त्यानेच गाल कितीतरी निवळले. मग ०.२ टक्के रेटिनॉल आणलं, आधी कानामागे चार-पाच दिवस लावून पाहिलं, काही झालं नाही. आता आठवड्यातून एक रात्र, तुमच्याच पद्धतीने दोन थरांच्या मध्ये, असे सहा आठवडे झाले. तिसऱ्या आठवड्यात हनुवटीवर थोडी कोरड आली, तेव्हा एक रात्र सोडली. आग एकदाही नाही.

रेषा तशाच आहेत. पण गालावरून हात फिरवला की पूर्वीचा खरखरीतपणा लागत नाही.

आणखी एक विचारायचं होतं. वरच्या ओठाचं वॅक्स करते, ते चालू ठेवलं तर चालेल ना?

रातराणी
सहा आठवड्यांत रेषा जात नाहीत, निदान बारा आठवडे तरी द्या. मला खरा फरक सहाव्या महिन्यात दिसला. कोरड आल्यावर रात्र सोडलीत ते उत्तम. नुसती कोरड किंवा थोडे पापुद्रे निघाले तर थांबून, अंतर वाढवून पुन्हा सुरू करता येतं. सूज, पुरळ, फोड किंवा थांबता न थांबणारी खाज आली तर मात्र बंद करून डॉक्टरांकडे.

वॅक्स त्या जागी नको! रेटिनॉलने वरचा थर नाजूक झालेला असतो, वॅक्ससोबत तोच सोलून निघतो. करायचंच असेल तर निदान आठवडाभर आधी ओठावर रेटिनॉल लावणं बंद करा आणि नंतरही त्वचा पूर्ण शांत होईपर्यंत थांबा.

कुंदकळी
बरं झालं विचारलं. रविवारची वेळ घेतली होती, आत्ताच फोन करून रद्द केली.