दोन-तीन भाषा कानांवर पडल्यामुळे मूल उशिरा बोलते का?

हुडकेश्वरची आई
नमस्कार. माझा मुलगा २६ महिन्यांचा आहे. 'आई', 'दे', 'गाडी', 'नको' असे वीसेक शब्द तो बोलतो, पण दोन शब्द अजून जोडत नाही. घरात मराठी, खाली मैदानात हिंदी आणि नर्सरीत इंग्रजी, असा आपल्या नागपूरचा नेहमीचा प्रकार आहे. नर्सरीतील शिक्षिकेच्या मते घरातील मराठी बंद करावी, म्हणजे त्याचा गोंधळ होणार नाही. सासूबाई मात्र म्हणतात की मुलगे उशिराच बोलतात आणि ह्याचे आजोबाही तसेच होते. मी दिवसभर एकटी असते. स्वयंपाक करताना त्याच्या हाती मोबाईलवरची गाणी देते, हेही प्रामाणिकपणे सांगते. ह्याविषयी संशोधन काय म्हणते?

स्पीच थेरपिस्ट, धंतोली
ताई, मराठी मुळीच बंद करू नका. दोन भाषांमुळे वाचादोष होतो, असे संशोधनात आढळलेले नाही. अशा मुलांचे शब्द एकाच भाषेत मोजले तर कमी भरतात, एवढेच. १९९३ साली मायामीतील इंग्रजी-स्पॅनिश बालकांच्या अभ्यासात दोन्ही भाषांचे शब्द एकत्र धरल्यावर ती एकभाषिक मुलांच्या बरोबरीची निघाली. म्हणून तिन्ही भाषांतले शब्द लिहून काढा.

तरीही सासूबाईंच्या भरवशावर थांबू नका. २४ महिन्यांपर्यंत ५० शब्द नसतील किंवा दोन शब्दांची जोडणी नसेल, तर मूल उशिरा बोलणाऱ्यांत मोडते. त्यांपैकी बरीचशी मुले पुढे आपोआप सावरतात, मात्र नेमकी कोणती सावरतील हे आधी ओळखता येत नाही. पहिले काम कानांच्या तपासणीचे. हाक मारल्यावर वळतो म्हणजे ऐकू येते, ही समजूत धोक्याची आहे. वारंवार सर्दी होऊन मधल्या कानात पाणी साचले, तर मोठा आवाज कळतो, पण बोलण्यातील बारकावे निसटतात.

मानसशास्त्राचा प्राध्यापक
मोबाईलबद्दल थोडे. बाळे भाषा कशी शिकतात ह्याच्या अमेरिकन संशोधक पॅट्रिशिया कूल ह्यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून बाळे त्या भाषेतील ध्वनिभेद शिकली. तेच पडद्यावरून दाखवले तेव्हा काही शिकली नाहीत. अमेरिकेतील एमआयटी ह्या विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांबाबत असे दिसले, की कानांवर किती शब्द पडतात ह्यापेक्षा मूल आणि मोठे माणूस ह्यांच्यात किती वेळा बोलण्याची देवाणघेवाण होते, ह्याचा मेंदूतील भाषिक हालचालीशी अधिक संबंध होता. गाणे उत्तराची वाट पाहत नाही.

निवृत्त अंगणवाडी सेविका
सर, ही सगळी मोजमापे परदेशी घरांतली, आणि त्यामुळे सगळा भार एकट्या आईवर येतो.

मानसशास्त्राचा प्राध्यापक
आक्षेप रास्त आहे. मेक्सिकोतील त्सेल्टाल माया समाजात लहान मुलांना उद्देशून तासाला सरासरी चार मिनिटांहूनही कमी बोलले जाते, असे २०२० च्या अभ्यासात नोंदवले आहे, आणि तरीही त्यांच्या बोलण्याचे टप्पे साधारण वेळेवरच येतात. ती मुले दिवसभर माणसांत असतात.

निवृत्त अंगणवाडी सेविका
मला तेच सांगायचे होते. आपल्या महाल भागातील जुन्या वाड्यांत छपरीवर, म्हणजे ओसरीवर, बसलेली कोणीतरी काकू मुलाशी बोलायचीच. आता फ्लॅट स्कीममध्ये दार बंद असते. ताई, नैराश्य आलेली आई मुलाशी कमी बोलते, हे संशोधनातही दिसले आहे, तेव्हा स्वतःकडेही लक्ष द्या आणि संध्याकाळी त्याला घेऊन खाली बसत जा. खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तेथे वर्षातून दोनदा तपासणीला येते.

हुडकेश्वरची आई
सर्वांचे आभार. कानांच्या तपासणीची सोमवारची वेळ मिळाली आहे. शब्द लिहून काढले तर २७ निघाले. कुकरसाठी तो 'शीऽ' म्हणतो, ते धरायचे की नाही यावर घरात वाद चालू आहे.

स्पीच थेरपिस्ट, धंतोली
दर वेळी कुकरलाच 'शीऽ' म्हणत असेल, तर तो शब्दच आहे. २८ लिहा.