आजीचं भिडं आणि माझे चिकटलेले घावन

राजापूरची_नात
खरं सांगू का, स्वयंपाकाचा मला कंटाळाच, इतकी वर्षं डबा लावून सुखात होते. पण मे महिन्यात राजापूरला आजीकडे गेले आणि रोज सकाळी चुलीपुढे तिच्याशेजारी जाऊन बसायची सवयच लागली, ती वाटीने तांदळाच्या घावनाचं पीठ ओतायची, चर्रर्र आवाज, जाळी पडली की झाकण. चौथ्या दिवशी मीच वाटी हातात घेतली आणि चक्क जमलं! निघताना म्हणाली, भिडं (म्हणजे तिचा बिडाचा, ओतीव लोखंडाचा तवा) घेऊन जा, मला आता उचलत नाही. आता इथे गॅसवर त्याच भिड्यावर सगळे घावन चिकटतायत, उलथन्याने खरवडून काढते. आजीला माप विचारलं तर म्हणे ताकाएवढं पातळ कर. कुठलं ताक, विकतचं की तिचं?? आणि हो, आल्या आल्या मी लिक्विड लावून तारेच्या घासणीने ते लख्ख केलं होतं, त्याने काही झालं असेल का?

भाऊ_तळकोकण
अरे देवा 😄 ताई, तो काळा थर म्हणजे आजीने वर्षानुवर्षं जिरवलेलं तेल हो, तो तुम्ही मोरीत सोडलात! असो, बिडाला पुन्हा चढतो. गंज असेल तर घासा, लगेच कोरडं करा, मग चांगलं तापवून अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून फिरवायचा, धूर येईपर्यंत, थंड करून परत, असं चार-पाच दिवस. पहिले काही घावन फुकट जाणार हे धरूनच चाला.

साधी_सुगरण
पीठ कुठलं घेताय? मोदकाचं असेल तर तिथेच घोळ, मोदकाला चिकटपणा हवा असतो, घावनाला जुना तांदूळ बरा. वाटीभर पिठाला पावणेदोन-दोन वाट्या पाणी, मीठ, आणि दर घावनाला तळापासून ढवळायचं कारण पीठ खाली बसतं, नाहीतर पहिला पाण्यासारखा आणि शेवटचा जाड. कडेने ओतत आत या, पसरवत बसू नका. गौरीच्या घावन-घाटल्यापर्यंत हात बसेल.

घाईतला_माणूस
नॉनस्टिक घ्या, विषय संपला.

राजापूरची_नात
@घाईतला_माणूस नाही घेणार 😤
बाकी दोघांना थँक्यू, आठवडाभर कांदा फिरवला, पीठही बदललं. आज आजीला व्हिडिओ कॉल लावला तर म्हणते तोंड काय दाखवतेस, फोन तव्याजवळ धर. थेंबभर पीठ टाकलं. "नाय तापला अजून." परत टाकलं. "हां, आता ओत." तीन फाटले, चौथा अख्खा सुटला, जाळीसकट! नारळाचा रस काढायला धीर नव्हता, उभ्या उभ्या चहात बुडवून खाल्ला.